पगारी रजा: कागदावर किती, हातात किती?

हिंजवडी_फेज३
मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय. आमची टीम अर्धी पुण्यात, अर्धी स्टुटगार्टला. परवा तिकडचा आर्किटेक्ट तीन आठवडे सुट्टीवर गेला. जायच्या आधी एक मेल, अमुक तारखेपर्यंत मी नाही, मेल बघणार नाही, काही अडलं तर फलाण्याला विचारा. बस्स. कोणी चकार शब्द काढला नाही. आणि मी गौरी विसर्जनापर्यंतची रजा जूनमध्येच टाकली तर मॅनेजर म्हणतो रिलीज आहे रे, बघू, जवळ आल्यावर बोलू. जवळ आल्यावर कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट काय हा काढून देणार का? बुकिंग आता साठच दिवस आधी उघडतं आणि दोन मिनिटांत वेटिंगला जातं.
माझ्या खात्यात रजा पडून आहेत आणि दर मार्चला त्यातल्या काही सडतात. म्हणून विचारतो, तुम्ही जिथे आहात तिथे पगारी रजा किती, आणि मुख्य म्हणजे खरंच घेता येते का? फरक आकड्याचा आहे की आपल्याकडे साहेबाची मर्जी लागते त्याचा?

टिंबटिंब
आज्जीला तिसऱ्यांदा मारा. रजा लगेच सँक्शन.

हिंजवडी_फेज३
@टिंबटिंब दोन्ही आज्ज्या रेकॉर्डवर गेल्यात ऑलरेडी 😄

इझारकाठी
म्युनिकमधून लिहितेय. आधी एक सांगते, जर्मनीत कायद्याने फक्त २० दिवस आहेत, पाच दिवसांच्या आठवड्याला. कायदा १९६३ चा, त्यात २४ लिहिलंय कारण तेव्हा आठवडा सहा दिवसांचा धरला होता. तुम्ही जे २८, ३० ऐकता ते कंपनीच्या नाहीतर युनियनच्या करारातलं. युरोपियन युनियनचा किमान नियम चार आठवड्यांचा आहे, म्हणजे कायद्यापुरतं बोलायचं तर जर्मनी तळालाच आहे.

खरी मजा पुढे आहे. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरचा कागद आणलात तर तेवढे दिवस रजेतून जात नाहीत, परत खात्यात येतात. मला पहिल्यांदा हे सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा वाटलं गंमत करतोय. आजारपण वेगळं आणि सुट्टी वेगळी, एकाच आजारासाठी सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालकाकडूनच मिळतो, रजेला हात लावायचा नाही. आणि आमच्याकडे जानेवारीतच वर्षाचा तक्ता भिंतीवर लागतो, ज्यांना शाळेत जाणारी मुलं त्यांना शाळेच्या सुट्ट्यांत पहिला हक्क, बाकीच्यांनी उरलेलं घ्यायचं. गुरुवारचा सण आला की शुक्रवारवर झडप घालायची स्पर्धा असते, त्यात आम्ही देशी लोक नेहमी हरतो कारण यांनी मागच्या नोव्हेंबरमध्येच कॅलेंडर बघितलेलं असतं.

दुसरी बाजू पण लिहिते नाहीतर सगळे निघाल बॅगा भरून. शाळा बुडवायला अजिबात परवानगी नाही. इथे बव्हेरियात सुट्टी लागायच्या आदल्या दिवसांत विमानतळावर पोलीस शाळकरी मुलांच्या आईबापांना अडवतात, दंड होतो. त्यामुळे मुंबईचं तिकीट काढायचं ते ऐन ऑगस्टमध्ये, जेव्हा भाव गगनाला. दिवाळीला घरी जाणं विसरा. रजा आहे, पैसे आहेत, दिवाळी नाही.

मिसळ_आणि_पाव
शाळा बुडवली म्हणून पोलीस?? आमच्या वर्गातली निम्मी मुलं शिमग्याला गावी असायची, मास्तर पण.

एडिसनचा_नाना
अमेरिकेचं सांगतो, छोटंच आहे. कायद्याने पगारी सुट्टी शून्य. होय, शून्य. १९३८ चा जो मजुरीचा मुख्य कायदा आहे त्यात किमान वेतन आहे, ओव्हरटाइम आहे, सुट्टीचं नाव नाही. मालकाने दिली तर दिली. नेवाडा, मेन, इलिनॉय अशा थोड्या राज्यांनी अलीकडे काहीतरी केलंय, इलिनॉयमध्ये २०२४ पासून वर्षाला ४० तास. तेही तासांत बरं का.

बऱ्याच ठिकाणी सुट्टी आणि आजारपण एकाच डब्यात. म्हणजे फ्लू झाला की तुमची गोव्याची ट्रिप गेली. आणि आमच्यासारख्या व्हिसावाल्यांची अजून वेगळी तऱ्हा. भारतात यायचं ते निम्मे दिवस मुंबईच्या कॉन्सुलेटच्या अपॉइंटमेंटभोवती. आईला वाटतं मुलगा आलाय, मुलगा आलाय स्टँपिंगला.

आता कोणी म्हणेल की अनलिमिटेड रजा देणाऱ्या कंपन्या आहेत. आमचीच तशी आहे. त्यातली खोच ऐका. कॅलिफोर्नियात नियम असा की साठलेली रजा म्हणजे कमावलेला पगार, ती लॅप्स करता येत नाही आणि नोकरी सोडताना पैसे द्यावे लागतात. अनलिमिटेड म्हटलं की साठतच नाही काही! म्हणजे जाताना साधारणपणे द्यायलाही काही नाही. आणि आकडाच नसल्यामुळे किती घेतली तर शोभेल हे कोणालाच कळत नाही, सगळे एकमेकांकडे बघत कमी कमी घेतात.

उद्यमनगर_कोल्हापूर
पण नाना पगार बघा की तुमचा. तो नको म्हणता का?

एडिसनचा_नाना
@उद्यमनगर नको कोण म्हणतंय. मी फक्त विचारलेल्याचं उत्तर दिलं. रडत नाहीये, मोजतोय.

मीनल_इन_ओसाका
जपान वाचून धागाकर्त्याला आपलं घर आठवेल. कायदा तसा ठीक आहे, सहा महिन्यांनी १० दिवस, मग वाढत वाढत साडेसहा वर्षांनी २०. न घेतलेली रजा दोन वर्षं टिकते मग जाते. पण लोक घ्यायचेच नाहीत. इतके नाहीत की सरकारने एप्रिल २०१९ पासून उलटा नियम केला, ज्याला दहा किंवा जास्त रजा मिळतात त्याला वर्षात किमान पाच दिवस मालकाने घ्यायला लावायच्याच, नाहीतर मालकाला दंड. आमच्याकडे मार्च जवळ आला की एचआरची बाई रिकाम्या रकान्यांची यादी घेऊन डेस्कपाशी उभी. काय बिशाद तुमची काम करायची.

न घेण्याचं कारण फक्त भिडस्तपणा नाही. पगारी आजारी रजा असा वेगळा कायदाच नाही, विमा काही दिवसांनी थोडा पगार देतो तेवढंच. मग ताप आला तर ह्याच रजेतून. म्हणून लोक राखून ठेवतात. @इझारकाठी नी जे लिहिलंय, आजारपण वेगळं, तिथेच सगळा फरक आहे असं माझं मत. २० दिवस दोन्हीकडे, पण एकीकडे ते खर्च करता येतात.

आणि सुट्टीवरून आल्यावर सगळ्या विभागाला तिथली मिठाई आणायची, एकेक पुडी प्रत्येकाच्या टेबलावर, तुमच्या गैरहजेरीत त्रास झाला त्याबद्दल. मी एकदा सातारचे कंदी पेढे वाटले. तेव्हापासून साहेब स्वतःहून विचारतात भारतात कधी जाणार.

टिंबटिंब
@हिंजवडी_फेज३ उपाय मिळाला. पेढे.

बाबू_नं_१
केंद्र सरकारी नोकरीत आहे. शिव्या घालायला सुरुवात करण्याआधी आकडे घ्या: वर्षाला ३० अर्जित रजा (१५ जानेवारीत, १५ जुलैत जमा), ८ किरकोळ, २० अर्धपगारी. अर्जित रजा ३०० पर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात.

मिसळ_आणि_पाव
आणि शनिवार रविवार, आणि सणवार, आणि साहेब जागेवर नाहीत 🙏 हलके घ्या

बाबू_नं_१
घेतलं हलकं. पण इलेक्शन ड्यूटी लागली, अधिवेशन लागलं की याच रजा कागदावर राहतात हे पण लिहा कोणीतरी. आणि एक गंमत म्हणजे आमच्यात रजा घेणारा मूर्ख समजतात. साठवून ३०० करायच्या, शेवटच्या पगाराच्या दराने पैसे घ्यायचे. माझ्या शेजारच्या टेबलवरचे गृहस्थ मुलीच्या लग्नालाही किरकोळ रजेवर भागवून गेले. विश्रांतीसाठी दिलेली गोष्ट लोक मुदत ठेवीसारखी सांभाळतात.

दर्यावर्दी
मर्चंट नेव्ही. आमचं गणितच वेगळं. लोकांना वाटतं सहा महिने बोटीवर, मग चार महिने घरी ऐटीत. आंतरराष्ट्रीय नियमाने (२००६ चा सागरी कामगार करार) महिन्याला किमान अडीच दिवस पगारी रजा बनते. पण आपल्याकडचे बहुतेक जण काँट्रॅक्टवर, त्या रजेचे पैसे महिन्याच्या पगारातच घालून देतात. म्हणजे साइन ऑफ झालं की मीटर बंद. घरी बसलेले चार महिने एक पैसा नाही. बायको म्हणते सुट्टीवर आहेस, बँकेचं खातं म्हणतं बेकार आहेस.

शलाका_कोथरूड
सगळं वाचलं, छान चाललंय. एक विचारू का, रागावू नका. जर्मनी जपान झालं, आपापल्या घरी येणाऱ्या मावशींना पगारी रजा किती? आमच्या सोसायटीत व्हॉट्सअॅपवर रोज रड असते, आज परत खाडा केला, पैसे कापू का. ज्या बाई हे लिहितात त्यांचं स्वतःचं वर्क फ्रॉम होम शुक्रवारी कुर्गहून चालू असतं.

पिंपळपार
शलाकाताई मुद्दा बरोबर पण तुलना जमत नाही. कंपनीला हजार माणसं, एक नसला तर दुसरा असतो. माझ्याकडे सासूबाई अंथरुणावर, मावशी आल्या नाहीत तर मला ऑफिसला दांडी. माझी रजा जाते तिच्या खाड्यात. आणि सांगून गेल्या तर कोण नाही म्हणतं? न सांगता फोन बंद हा प्रॉब्लेम आहे.

शलाका_कोथरूड
@पिंपळपार न सांगता का जातात? सांगितलं की कटकट आणि नकार हे माहीत असतं म्हणून. हिंजवडीवाल्यांची जी तक्रार तीच. आज्जीला ते मारतात, मावशी फोन बंद करतात.

पिंपळपार
हं. हे लागलं थोडं. तरी फोन चालू ठेवावा असंच म्हणेन.

कलम_अठरा
शलाका यांच्या प्रश्नाला जोडून. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे पण तो कल्याण मंडळाचा, वर्षाला अमुक पगारी रजा द्या असं त्यात नाही. तेव्हा ते तुम्ही आणि मावशी ठरवाल ते. आमच्याकडे महिन्याला दोन पगारी, दिवाळीत आठवडा वेगळा, असं पहिल्याच दिवशी ठरलं. तेव्हापासून खाडा हा शब्दच निघाला नाही, त्या आदल्या आठवड्यात सांगतात.

बाकी पुण्यातल्या ऑफिसांना जो लागू होतो तो महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा (छोट्या दुकानांना लागत नाही). त्यात ८ किरकोळ रजा, ८ पगारी सण, आणि वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस कमावलेली रजा. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यातही २४० आणि २० हेच होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या केंद्रीय कामगार संहितेत २४० चे १८० केलेत. सांगायचा मुद्दा, कागदावर आपण तितके भिकारी नाही जितकं ह्या धाग्यात वाटतंय. चीनमध्ये पहिली दहा वर्षं पाच दिवस असतात, सिंगापूरला पहिल्या वर्षी सात.

उद्यमनगर_कोल्हापूर
आता मालकाचं पण ऐका. माझं छोटं मशीन शॉप आहे, सीएनसी चालवणारी मोजकीच पोरं. अंबाबाईची जत्रा, जोतिबाची यात्रा, म्हसोबाची, गावची म्हाई, उसाची तोड, पावण्याचं लग्न. प्रत्येकाचं गाव वेगळं म्हणजे जत्रा वेगळी. मला रजा द्यायला दुःख नाही, पण पुण्याची पार्टी डिलिव्हरी मागते तेव्हा ती म्हाई ऐकत नाही. जर्मनीत ज्याला फलाण्याला विचारा म्हणून मेल करता तो फलाणा माझ्याकडे नाही, तो फलाणा मीच. आणि माझी पगारी रजा किती विचारा. शेवटचं कुठं गेलो होतो? आठवत नाही, बहुतेक पन्हाळा, तेही पार्टीला घेऊन.

स्टॉकहोमचा_उन्हाळा
@उद्यमनगर स्वीडनने ह्यावर काढलेला तोडगा, सगळ्यांनी एकदमच जायचं. कायद्याने २५ दिवस आणि त्यातले चार आठवडे सलग जून ते ऑगस्टमध्ये मागायचा हक्क. जुलैत देश बंद. नळ गळत असेल तर बादली लावा आणि ऑगस्टची वाट बघा. कोणाचं अडत नाही कारण गिऱ्हाईक पण सुट्टीवर!

उद्यमनगर_कोल्हापूर
हे आवडलं. पण मग सगळ्या गावांनी एकाच दिवशी जत्रा करायला पायजे. जोतिबाला सांगतो.

गिरणगाव_लालबाग
अवांतर करतो. सुट्टी कोणी आपोआप दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या, आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. १० जून १८९० ला गिरण्यांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार खंडोबाचा वार हेही कारण त्यांनी दिलं होतं असं आमच्याकडे सांगतात. फ्रान्समध्ये पगारी सुट्टीचे पहिले दोन आठवडे मिळाले १९३६ ला, तेही देशभर कारखाने ताब्यात घेऊन संप झाले तेव्हा. मग १९५६ ला तीन, १९६९ ला चार, १९८२ ला पाच आठवडे. एकेक आठवड्यामागे भांडण आहे. आयटीवाल्यांना युनियन म्हटलं की हसू येतं, मग बसा आज्ज्या मारत.

हिंजवडी_फेज३
@गिरणगाव_लालबाग काका, झोंबलं पण मान्य.

आखाती_देशमुख
दुबई. वर्ष झालं की ३० दिवस. ऐकायला भारी, पण ते कॅलेंडरचे दिवस, शनिवार रविवार त्यातच, म्हणजे कामाचे धरले तर साधारण २२. बऱ्याच काँट्रॅक्टमध्ये घरचं तिकीट पण असतं. आमचा पॅटर्न ठरलेला, अकरा महिने एकही दिवस नाही, मग एकदम महिना गावी. त्या महिन्यात दोन लग्नं, एक वास्तुशांत, आईचे गुडघे, आधारचं काम. परत आलो की वाटतं आता सुट्टी हवी.

मेलबर्न_मावळा
ऑस्ट्रेलियात चार आठवडे. कॅज्युअल कामगारांना रजा नाही, त्याऐवजी तासाचा दर साधारण २५ टक्के जास्त. पण इथली खरी भारी गोष्ट लाँग सर्व्हिस लीव्ह. एकाच ठिकाणी बरीच वर्षं काढली (आमच्या व्हिक्टोरियात सात) की वेगळी मोठी रजा. मूळ कथा अशी की एकोणिसाव्या शतकात इथल्या सरकारी नोकरांना बोटीने इंग्लंडला जाऊन यायला काही महिने लागायचे, म्हणून सोय केली. बोटी गेल्या, रजा राहिली. मी ती घेऊन आळंदी ते पंढरपूर पूर्ण वारी चाललो. साहेबाने विचारलं एवढ्या दिवसांत काय करणार, म्हटलं चालणार. म्हणे छान, कुठली ट्रेल?

काउंटर_नं_४
बँकेत आहे. 'माझ्याशिवाय अडतं' म्हणणाऱ्या सगळ्या मॅनेजरांसाठी एक माहिती. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की ट्रेझरी, करन्सी चेस्ट वगैरे नाजूक जागांवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता, आणि त्या काळात त्याने सिस्टीमला हात लावायचा नाही. का? तर घोटाळा करणारा माणूस सहसा रजा घेत नाही, तो नसला की भानगड वर येते. आमच्याकडे एकाला असं अचानक पाठवलं, बिचारा सरळ माणूस, पण गल्लीत लोक बायकोला विचारायला लागले काय झालं हो.

टिंबटिंब
@हिंजवडी_फेज३ मॅनेजरला हे फॉरवर्ड कर. वर्षानुवर्षं रजा न घेणाऱ्यांची चौकशी लागते म्हणावं.

इझारकाठी
काउंटर यांचा मुद्दा फार चांगला. आमच्याकडे पण तीन आठवडे माणूस नसतो म्हणून त्याचं काम दुसऱ्याला येतं, लिहून ठेवलेलं असतं. आधी रजा आली, मग शिस्त आली. आपल्याकडे म्हणतात आधी शिस्त येऊ दे मग रजा देऊ, ती येतच नाही.

एडिसनचा_नाना
पूर्ण सहमत नाही. स्टुटगार्टचा माणूस तीन आठवडे गायब राहू शकतो कारण पुण्यात कोणीतरी जागं आहे. त्याच्या सुट्टीचं बिल हिंजवडीत फाटतं. तो फलाणा कोण होता हो, ज्याला विचारा म्हणून मेलमध्ये लिहिलं होतं?

हिंजवडी_फेज३
@एडिसनचा_नाना ... मी.

मिसळ_आणि_पाव
😂😂😂

हिंजवडी_फेज३
हसा. मीनलताईंचं आणि काउंटरसाहेबांचं वाचून मी काल मॅनेजरशी नीट बोललो. माझ्या जागी कोण बघेल, काय काय चालू आहे, सगळं एका पानावर लिहून नेलं. 'तत्त्वतः हो' म्हणालाय. लेखी नाही. @कलम_अठरा ताई, लेखी नाही म्हटला तर काही करता येतं का?

कलम_अठरा
तोंडी काहीही मागू नका, मेल टाका, पंधरा दिवस आधी तरी. त्याच २०१७ च्या कायद्यात कमावलेली रजा ४५ दिवसांपर्यंत साठते, आणि पंधरा दिवस आधी मागूनही नाकारली तर ४५ च्या वर जाणाऱ्या रजेचे पैसे मागायचा हक्क आहे. म्हणून नकाराचा कागद हवा. 'जवळ आल्यावर बोलू' हा नकार नसतो, ते लोक मुद्दाम नकार देत नाहीत. उलट मेल करून विचारा, अमुक तारखेपर्यंत कळलं नाही तर मंजूर धरू का. याला उत्तर द्यावंच लागतं. मात्र तुमच्या पदाला मॅनेजर, सुपरवायझर असं काही चिकटलं असेल तर हा कायदा तुम्हाला लागू नाही, ते आधी ऑफर लेटरमध्ये बघा. कंपन्या काय उगाच सगळ्यांना लीड म्हणतात?

हिंजवडी_फेज३
टीम लीड 🤦 मेल मात्र टाकतोय, आत्ताच.

दर्यावर्दी
माझी परवा फ्लाइट, फुजैराला बोट धरायची. गणपती परत समुद्रावर. कोणाला मोदक जास्त झाले तर फोटो टाका.

नवीन_आलोय
सगळं वाचलं, फार उपयोगी धागा. एक शंका, नोटीस पिरियडमध्ये उरलेली रजा अॅडजस्ट करून लवकर सुटता येतं का? एचआर नाही म्हणतंय.

कलम_अठरा
तुमचं नेमणूकपत्र बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. वेगळा धागा काढा, तिथे येते.